शेजारच्या काकूंची काळजी वाटतेय? कौन्सिलला कळवताना या चुका टाळा

"त्यांच्या घरचा प्रश्न, आपण कशाला मध्ये पडायचं?" इंग्लंडमधल्या मराठी मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येतं. काकू गणपतीला यायच्या बंद झाल्या, त्यांचा फोन मुलगाच उचलतो, हे सगळ्यांना दिसत असतं. कळवत मात्र कोणी नाही, आणि जे कळवतात त्यांचंही बरंचसं वाया जातं.

बहुतेक जण पुरावा मिळायची वाट बघत बसतात. तो गोळा करणं तुमचं काम नाही. 2014 च्या केअर ॲक्टचं कलम 42 सांगतं, की तीन गोष्टींची रास्त शंका आली की कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, चौकशी करावीच लागते: त्या प्रौढ माणसाला देखभालीची किंवा आधाराची गरज आहे, त्याचा छळ किंवा हेळसांड होतेय वा तसा धोका आहे, आणि त्या गरजेमुळेच त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. नुसतं वय झालंय, एवढ्यावर हे लागू होत नाही. ठणठणीत आजोबांचं मुलाशी घरावरून भांडण असेल तर वकील गाठा. उलट तिशीतला, बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा यात बसू शकतो. माणूस त्या भागात कायमचा राहणारा असण्याची अटही नाही, त्यामुळे "सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना कसला कायदा" असं म्हणून गप्प बसू नका.

पैशांच्या बाबतीत आपण फार सैल असतो. आईचं बँक कार्ड मुलाकडे असणं घरोघरी चालतं आणि त्यात गैर काहीच नाही. पण तिच्या पेन्शनीतून तिलाच चष्म्यापुरते पैसे मिळत नसतील तर तो आर्थिक छळ असू शकतो. लेकाच्या हाती पॉवर ऑफ ॲटर्नी (तिच्या वतीने व्यवहार करायचा कायदेशीर अधिकार) असली तरी पैसे आईचेच राहतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुभाषाची. सोशल वर्कर घरी येते, आजींना इंग्रजी येत नाही, मग सूनबाई किंवा लेक मदतीला धावतात. ज्याच्याविषयी शंका आहे तोच भाषांतर करणार! "आई, सांग ना, सगळं छान आहे." आजी मान हलवतात आणि कागदावर 'काही अडचण नाही' असं पडतं. म्हणून पहिल्या फोनलाच सांगा: मराठी दुभाषी हवा, घरचा किंवा ओळखीचा नको, आणि बोलणं एकांतात व्हावं. "हिंदी चालेल" असं तर मुळीच म्हणू नका. जन्मभर मराठीत बोललेली बाई हिंदीत "ठीक है" म्हणून गप्प बसेल. समजायला किंवा बोलायला फारच जड जात असेल आणि बाजूने बोलणारं योग्य माणूस नसेल, तर केअर ॲक्टच्या कलम 68 नुसार कौन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तिचं म्हणणं मांडायला मदत करणारा माणूस) द्यायचा असतो.

"त्यांना तिथून बाहेर काढा" हा हट्टही धरू नका. काकूंना काय हवंय, हे आधी विचारायचं असतं. 2005 च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टप्रमाणे, एखाद्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. "राहीन मुलाकडेच, फक्त पेन्शन माझ्या हातात द्या," असं काकू म्हणाल्या तर काम त्या दिशेने व्हायला हवं. अर्थात त्या दडपणाखाली बोलत असतील किंवा इतरांनाही धोका असेल, तर त्यांच्या नकारावर विषय संपत नाही. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट सोशल वर्करला दार तोडून आत जायचा अधिकार देत नाही. जिवावर बेतलं असेल तर पोलीस जाऊ शकतात, म्हणून अशा वेळी थेट 999 या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

केअर होम किंवा रुग्णालयासारख्या संस्थेतल्या प्रकारात लोक एकदा मॅनेजरशी बोलून थांबतात. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातले अत्याचार 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवले. त्याआधी तिथल्याच एका नर्सने व्यवस्थापनाला आणि सीक्यूसी या आरोग्य-देखभाल सेवांच्या नियामकालाही सावध केलं होतं, पण तेव्हा काही हललं नाही. शेवटी 11 कर्मचारी दोषी ठरले. तेव्हा कौन्सिललाही कळवा, आणि आधीच्या तक्रारी एकत्र बघा असं लेखी मागा.

फोन कुठल्या कौन्सिलला करायचा, इथेही गफलत होते. काकू जिथे आहेत तिथलं कौन्सिल, तुमचं नव्हे. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन वेगळी कौन्सिलं असतील तर हे काम काउंटीचं. कचऱ्याचे डबे उचलणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे नाही. पुण्यातून लेकीने कळवलं तरी चालतं. तारीख आणि संदर्भ क्रमांक टिपून ठेवा. पुढे काय झालं ते गोपनीयतेमुळे तुम्हाला कदाचित सांगणार नाहीत, पण तक्रार पोचली का, एवढं विचारता येतं. काहीच हललं नाही तर कौन्सिलकडे रीतसर तक्रार आणि त्यानंतर ओम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारा अधिकारी.