डबचे अल्बम ऐकताना आणि त्यांचा प्रभाव शोधताना या चुका टाळा

डब म्हणजे जमैकाच्या रेगे संगीतातल्या गाण्याची मिक्सरवर मोडतोड करून घडवलेले नवे रूप. त्याचा अल्बम पहिल्यांदा लावणाऱ्या श्रोत्याची तक्रार बहुधा ठरलेली असते. गायकाचा आवाज एका शब्दावर तुटतो, तो शब्द चार-पाच वेळा घुमत विरून जातो, गिटार मध्येच नाहीशी होते आणि पुढे बराच वेळ नुसते ड्रम आणि बास उरतात. हे ऐकून ध्वनिमुद्रणातच बिघाड असावा असे वाटते. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते आणि फाइल सदोष समजून मी ती पुन्हा उतरवून घेतली होती. बिघाड फाइलमध्ये नव्हता. डबमध्ये मिक्सर, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र मिसळणारे स्टुडिओतले यंत्र, हेच वाद्य असते आणि तो चालवणारा ध्वनितंत्रज्ञ हाच वादक असतो, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ती ध्यानात न घेतल्यामुळे ऐकण्यात, विकत घेण्यात आणि विशेषतः इतर संगीतावरचा प्रभाव ठरवण्यात चुका होत राहतात.

मूळ गाणे न ऐकता डब ऐकणे

जमैकात १९६०च्या दशकाच्या अखेरीस एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचे गायनविरहित रूप देण्याची पद्धत पडली. त्या रूपाला ‘व्हर्जन’ म्हणत. तिच्या उगमाची हकीकत अशी सांगतात, की रूडी रेडवुड या साउंड सिस्टीमचालकासाठी (साउंड सिस्टीम म्हणजे नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजवणारा मोठा ध्वनिसंच) चाचणी-तबकडी कापताना ट्रेझर आइल स्टुडिओतल्या तंत्रज्ञाकडून गायनाचा भाग सुटला, रेडवुडने ती तशीच नाचाच्या रात्री लावली आणि जमलेले लोक स्वतःच गाऊ लागले. पुढे किंग टबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्बर्न रडॉकने या व्हर्जनचे डब केले. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत रेडिओ आणि विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या या माणसाने डायनॅमिक स्टुडिओतून जुना चार-ट्रॅक मिक्सर विकत घेतला आणि घरातल्या लहानशा खोलीत तो अक्षरशः वाजवला. ड्रम, बास, गिटार-ऑर्गन आणि गायन यांच्या पट्ट्या तो गाणे चालू असतानाच वरखाली करी, एखादा सूर टेप-एकोत, म्हणजे फितीवर प्रतिध्वनी उमटवणाऱ्या यंत्रात, सोडून देई आणि फिल्टरची मूठ फिरवून आवाजातला खालचा भाग कापत नेई.

म्हणून डब हे आधीच्या गाण्यावरचे भाष्य आहे आणि श्रोत्याला ते गाणे माहीत आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. ‘काय काढून टाकले’ हे कळले नाही, तर उरलेले रिकामे वाटणारच. यावरचा उपाय सोपा आहे: रेगे गायक जेकब मिलरचे ‘बेबी आय लव्ह यू सो’ दोन-तीनदा ऐकावे आणि लगेच त्याचे डब, म्हणजे ऑगस्टस पाब्लोने निर्मिलेले ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’, लावावे. मिलरच्या आवाजाचे तुकडे जिथे तरंगून येतात आणि जिथे ते नाकारले जातात, त्या जागांवर सारी मजा आहे. गाणी सरमिसळ क्रमाने वाजवणारे ‘शफल’ या संगीताला फार घातक ठरते, कारण त्यात ही जोडी फुटते.

फोनच्या स्पीकरवर निकाल देणे

बास गिटारची सर्वांत जाड मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही निघतच नाही. रेगेत चाल बास सांभाळतो. तोच गेला, तर उरते ती वरवरची टकटक. चांगले वायरचे हेडफोन असले तरी बरेच काम होते. सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा स्पीकर) असेल तर तो खोलीच्या कोपऱ्यात कोंबू नये, कारण तिथे एखादाच सूर फुगतो आणि बाकीचे बुडतात. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवून खोलीभर फिरावे आणि जिथे बासचा प्रत्येक सूर वेगळा कळेल तिथे तो मांडावा. ‘बास बूस्ट’ बंद ठेवावा. या मुद्रणांत बास आधीच भरपूर आहे.

तबकडीवर ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. जड बासच्या जागी सुई उडत असेल, तर तिचा दाब कमी करण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दाब अपुरा असल्यामुळेच सुई बहुधा खोबण सोडते, म्हणून निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच तो किंचित वाढवावा. आणि सूर डोलत असेल तर तबकडीचे भोक मध्यावर आहे का ते तपासावे. जुन्या जमैकन छपाईत हा दोष नेहमी आढळतो.

सम शोधत बसणे

समेवर वजन पडणार ही अपेक्षा आपल्या कानांत मुरलेली असते. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिलीवर आघातच नसतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात आणि गिटारचा तुटक झंकार दुसरीवर व चौथीवर येतो. सवयीने आपण त्या तिसऱ्या मात्रेलाच सम समजतो आणि मग सारे गाणे उलटे भासते. बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडचा ड्रमवादक कार्लटन बॅरेट ऐकताना पायाने पहिली मात्रा मोजत राहावे, म्हणजे ती मोकळी सोडण्यातला डौल हळूहळू उमगतो. मात्र सगळे रेगे वन ड्रॉप नाही. ‘स्टेपर्स’मध्ये किक चारही मात्रांवर पडते.

वेष्टनावरच्या नावावर विसंबणे

बॉब मार्ली म्हणजे १९८४चे ‘लेजंड’, असे समजून थांबणारे बरेच आहेत. तो त्याच्या मृत्यूनंतर निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह आहे आणि त्यात प्रेमगीतांकडे झुकलेली निवड आहे. अल्बम म्हणून विचार करायचा तर १९७३च्या ‘कॅच अ फायर’पासून सुरुवात करावी, आणि तोही दोन रूपांत. किंग्स्टनमध्ये मुद्रित झालेल्या फितींवर आयलंड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये रॉक श्रोत्यांसाठी वेन पर्किन्सची गिटार आणि जॉन ‘रॅबिट’ बंड्रिकची कळवाद्ये चढवली. मूळ जमैकन मिश्रण २००१च्या दोन डिस्कच्या आवृत्तीत मिळते. दोन्ही ऐकल्यावर ‘रॉकचा रेगेवरचा प्रभाव’ याच अल्बममध्ये शिरलेला दिसतो. प्रभाव एकाच दिशेने वाहतो, हा समज तिथेच सुटतो.

डबच्या अल्बमवर किंग टबीचे नाव मोठ्या अक्षरांत असले तरी मिश्रण अनेकदा त्याच्या हाताखालच्या प्रिन्स जॅमी किंवा सायंटिस्टचे असते, म्हणून बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. जमैकात ‘डीजे’ म्हणजे यू-रॉयसारखा ठेक्यावर बोलणारा कलाकार, आणि तबकड्या लावणारा तो ‘सिलेक्टर’. हा फरक ठाऊक नसला तर वेष्टनावरची श्रेयनामावली चुकीची वाचली जाते.

प्रतिध्वनी दिसला की ‘डबचा प्रभाव’ म्हणणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे जमैकन तंत्रज्ञांनी खरोखर काय दिले ते झाकले जाते. टेपवरचा प्रतिध्वनी १९५०च्या दशकातल्या रॉक अँड रोलमध्येही होता. तो डबची खूण नव्हे. तुटक गिटारही पुरेशी नाही. द पोलीस या रॉक बँडच्या १९७९च्या ‘रेगाटा द ब्लांक’मध्ये ती सर्वत्र आहे, पण रचना पॉप गाण्याचीच राहते. (अल्बम उत्तम आहे, मुद्दा दर्जाचा नाही.) त्याच वर्षीच्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडच्या ‘मेटल बॉक्स’मध्ये रेगेचा ठेका क्वचितच आढळतो, तरीही तो डबच्या अधिक जवळ आहे. तिथे जा वॉबलचा बास पुढे चालतो, गिटार त्याच्याभोवती ओरखडे काढते, आणि तो अल्बम निघाला तोही पत्र्याच्या डब्यात, ४५ आरपीएमच्या तीन बारा-इंची तबकड्यांवर, ज्यांत खोल बासला खोबणीत ऐसपैस जागा मिळते.

नुसत्या नावावरूनही निष्कर्ष काढू नये. द क्लॅश या पंक बँडचे १९७७चे ‘कम्प्लीट कंट्रोल’ डबचा नामांकित जमैकन निर्माता ली पेरीने निर्मिले, तरी ते रोखठोक रॉकच आहे. डबचा धडा त्यांनी खऱ्या अर्थाने गिरवला तो १९८०च्या ‘सँडिनिस्टा!’मध्ये, जमैकन कलाकार मायकी ड्रेडच्या सोबतीने.

हिप-हॉपच्या बाबतीत तर अधिकच जपून बोलावे. हिप-हॉपचा जनक मानला जाणारा डीजे कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मला, १९६७मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीत त्याने हिप-हॉपची सुरुवात मानली जाणारी ती प्रसिद्ध पार्टी केली. यावरून रॅप थेट जमैकन डीजेगिरीतून आले असे सर्रास लिहितात. पण ब्राँक्समधले लोक रेगे स्वीकारत नसत आणि रॅपमागची प्रेरणा जेम्स ब्राउन होता, असे हर्कनेच सांगितलेले आहे. जमैकन साउंड सिस्टीमशी नाते जाणवते ते अवाढव्य स्पीकर, माइकवरचा एको आणि तबकडीचा एखादाच तुकडा कच्चा माल म्हणून वापरण्याची वृत्ती यांत.

याउलट बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीचे टेक्नो (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) ऐकून रेगे आठवणारही नाही. किक सरळ चारही मात्रांवर चालते, एकच स्वरमेळ डिलेमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीच्या यंत्रात, विरघळत राहतो. तरीही ही जोडी, म्हणजे मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी टबीची पद्धत आत्मसात केली होती, आणि पुढे त्यांनी न्यू यॉर्कच्या वॅकीज या रेगे कंपनीच्या तबकड्या पुनःप्रकाशितही केल्या. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या तरुणांनी घडवलेल्या सुरुवातीच्या डबस्टेपमध्ये खोल बास आणि त्याभोवतीची शांतता मुख्य आहे. नंतरच्या कर्कश रूपावरून त्या मुळाची कल्पना येत नाही. रेगेटॉन ही आणखी निराळी शाखा: तिचा ठेका ‘डेम बो’ या डान्सहॉल (रेगेतून निघालेले जमैकन नृत्यसंगीत) गाण्यातून आला, डबमधून नव्हे.

स्वतःच्या कानांनी हे पडताळायचे तर ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या गटाचा १९९४चा ‘प्रोटेक्शन’ आणि डबनिर्माता मॅड प्रोफेसरने १९९५मध्ये त्याचेच डब करून दिलेला ‘नो प्रोटेक्शन’ एका संध्याकाळी पाठोपाठ ऐकावेत, शक्यतो दिवे मंद करून आणि आवाज शेजाऱ्यांना चालेल इतका वाढवून. शीर्षकगीत दोन्हींत आहे. दुसऱ्यात त्याचे नाव ‘रेडिएशन रुलिंग द नेशन’ आहे. गायिका ट्रेसी थॉर्न पहिल्यात गाण्याच्या मध्यभागी उभी असते, तर दुसऱ्यात तिचे शब्द दूरवरून येतात, तुटतात, आणि त्यांच्या मागे जो बास आधी जाणवला नव्हता तो सारी खोली व्यापून टाकतो.