रविवारच्या टोमॅटो-बेझिल पास्त्याची तयारी शुक्रवारपासून

रविवारी रात्री चौघांसाठी ताज्या टोमॅटोचा पास्ता करायचा असेल तर तयारी शुक्रवारी संध्याकाळी मंडईतच सुरू होते, कारण शिजवायला जेमतेम अर्धा तास लागतोय पण टोमॅटो पिकायला दोन दिवस लागतात आणि ती कसर गॅसवर भरून निघत नाही. कोल्हापुरात कपिलतीर्थच्या मंडईत जा नाहीतर लक्ष्मीपुरीत, मावशींना सरळ सांगायचं की कोशिंबिरीचे कडक नकोत, रविवारपर्यंत लालभडक होतील असे द्या, आणि एकेक हातात घेऊन देठापाशी नाक लावायचं. टोमॅटोच्या झाडाला हात लावल्यावर बोटांना जो हिरवट वास राहतो ना, तो तिथं आला की घ्यायचा. किलोभर लांबट, गराचे घ्या आणि त्यातच दोन-तीन आंबट गावठी टाका, नुसत्या लांबट टोमॅटोचा सॉस गोडमिट्ट होतोय असं माझं मत आहे.

घरी आल्यावर फ्रीजमध्ये अजिबात नाही, थंडीनं त्यांचा वासच मरतो. ओट्यावर पेपर पसरून देठाची बाजू खाली करून ठेवायचे, एकावर एक नाही.

बेझिलचं मात्र उलटं, ते जितकं उशिरा आणाल तितकं बरं. मंडईत रोज मिळत नाही म्हणून शनिवारी आधी फोन करून विचारायचं, आणलं की देठ तिरके कापून पाण्याच्या ग्लासात फुलांसारखं उभं करायचं. मी एकदा पिशवीसकट फ्रीजमध्ये टाकलं होतं, सकाळी सगळी पानं काळी पडलेली, पाहुणे दारात आणि हातात काही नाही, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. कायमचा उपाय म्हणजे कुंडी. फालुद्यातला सब्जा म्हणजे बेझिलचंच बी, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरून दाबलं तरी आठवड्याभरात उगवतंय, फक्त त्यातल्या काही झाडांना बडीशेपेसारखा वास येतो हे लक्षात ठेवा, आणि तुरे आले की खुडत राहायचं. दारातली तुळस यात घालू नका, तिचा उग्र वास वेगळा.

पास्ता ४०० ग्रॅम, पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेलाच घ्या, मैद्याचा असला की लगदा होतोय. आपल्याकडची खीर करायची खपली आहे ना, ड्युरम तिच्याच वंशातला, म्हणून दाताखाली लागतो तो. लसणाच्या सहा-सात पाकळ्या, ऑलिव्ह ऑइल अर्धी वाटी, किसायला चीज, झालं. कांदा-लसूण चटणीचा डबा त्या दिवशी कपाटातच राहू दे, मला ती जीव की प्राण आहे पण तिच्यापुढं बेझिल टिकत नाही.

रविवारी संध्याकाळी टोमॅटोच्या बुडाला फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट आणि लगेच गार पाण्यात, साल अलगद निघून येते. चिरताना बियांभोवतीचा रस फेकू नका, चव तिथंच आहे. ही चिरलेल्या टोमॅटोची वाटी, लसूण, तेल, चीज सगळं ओट्यावर मांडून झालं की मगच चार लिटर पाण्याचं पातेलं चढवायचं, चाळीस ग्रॅम मीठ म्हणजे दोन मोठे चमचे शिगेपर्यंत भरून, आणि चाळणी आत्ताच सिंकमध्ये ठेवायची, ऐनवेळी शोधाशोध नको.

लसूण मंद गॅसवर, लाल होऊ द्यायचा नाही, मग टोमॅटो दहा-बारा मिनिटं. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढायचा, त्याचं वाटीभर पाणी आठवणीनं बाजूला, आणि दोन्ही कढईत घालून मोठ्या गॅसवर हलवायचं म्हणजे सॉस पास्त्याला धरून बसतोय.

बेझिल सुरीनं चिरायचं नाही, कडा काळ्या पडतात. गॅस बंद केल्यावर पंचवीस-तीस पानं हातानं तोडून वरून टाकायची आणि जेवायला बसलेल्यांपुढं कढईच न्यायची, तो वास झाकणाखाली दडवू नका. उरलेले देठ परत पाण्याच्या ग्लासात, खिडकीत, दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, मग कुंडीत लावायचे.