१९७४च्या मूळ पुस्तिकांवरून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कसा चालवावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि कल्पनेवर चालणारा खेळ: एक जण रेफरी होऊन भुयार रचतो, बाकीचे त्यात एकेक पात्र चालवतात. तो पहिल्यांदा बाजारात आला १९७४ साली, अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन पातळ पुस्तिका, एका खोक्यात, पहिली छपाई १००० प्रतींची. आज त्यांची अधिकृत पीडीएफ विकत मिळते. आताची आवृत्ती खेळलेला माणूस त्या उघडतो, विस्कळीत नियम बघतो आणि लगेच स्वतःची डागडुजी सुरू करतो. ती करू नका. वेळ, उजेड आणि सोनं या तिन्हींचा हिशोब काटेकोर ठेवलात, तर हा खेळ लिहिलाय तसाच उत्तम चालतो.

वाचायला सुरुवात तिसऱ्या पुस्तिकेपासून करा. तिच्या सुरुवातीच्या पानांत भुयार कसं आखायचं आणि त्यात खेळाडूंना कसं फिरवायचं ते आहे. तेवढं डोक्यात बसलं की पहिल्या पुस्तिकेतले पात्रांचे तक्ते आपोआप कळतात. दुसरी, म्हणजे राक्षस आणि खजिन्याची, लागेल तशी चाळा.

लढाईसाठी या पुस्तिका ‘चेनमेल’ हे १९७१चं युद्धखेळाचं पुस्तक तुमच्याकडे आहे असं धरून चालतात. त्याच्या मागे लागू नका. पहिल्या पुस्तिकेतच पर्यायी पद्धत आहे: वीस पैलूंचा फासा टाकायचा. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या योद्ध्याला, समोरच्याच्या अंगावर चिलखत नसेल तर १० किंवा जास्त लागतात. पूर्ण चिलखत आणि ढाल असेल तर १७. वार लागला की इजा मोजायला सहा पैलूंचा एक फासा, मग हातात सुरी असो वा तलवार. आधी वार कोणाचा, हे मात्र इथे स्पष्ट नाही. दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा आधी, असं ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. खेळताना असे बरेच निर्णय घ्यावे लागतील. प्रत्येक निर्णय मोठ्याने सांगा, लिहा आणि पुढच्या वेळी तोच पाळा.

आता भुयार. पुस्तिका सांगते की रेफरीने सुरुवातीलाच निदान अर्धा डझन मजल्यांचे नकाशे काढावेत. माझ्या मते दोन मजले पुरेत, पण ते मन लावून काढा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातून आलेखाची वही आणा, एक चौकोन म्हणजे दहा फूट धरा. कल्पना सुचत नसेल तर पुण्याच्या पोटातच एक तयार आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं, आणि त्या मार्गावर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर उघडणारी विवरं, ठेवले होते. एखादा उच्छ्वास हे तुमच्या भुयाराचं तोंड करा. पाणी कात्रजकडून उत्तरेला वाहतं, हे पुणेकर खेळाडूला ठाऊक असतं. त्यामुळे वाट चुकलेली माणसं पायाखालचा प्रवाह बघून दिशा ओळखतात. असा नकाशा खेळाडूंना विचार करायला लावतो.

महत्त्वाचा खजिना आधी स्वतः विचार करून ठेवा. उरलेल्या प्रत्येक खोलीसाठी सहा पैलूंचा फासा टाका: १ किंवा २ आले तर तिथे कोणीतरी आहे. कोणी असेल तर १ ते ३ वर खजिना, रिकाम्या खोलीत फक्त १ वर. पहिल्या मजल्याच्या तक्त्यातून सोनं फार थोडं निघतं आणि योद्ध्याला दुसरी लेव्हल गाठायला २००० अनुभव गुण लागतात. बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्याला एक गुण मिळतो, म्हणून दोन-तीन मोठे ऐवज तुम्हीच लपवायला हवेत.

पात्रं दहा-पंधरा मिनिटांत होतात. तीन फासे सहा वेळा, आले त्याच क्रमाने ताकद, बुद्धी अशा सहा गुणांना. वर्ग तीनच: योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक. चोर १९७५च्या पुरवणीत आला, तो इथे आणू नका. चोर नसला की सापळा शोधायला प्रत्येकाला स्वतः सांगावं लागतं: काठी पुढे टेकवतो, फरशीवर पाणी ओततो. या खेळाची मजा तिथेच आहे. पुन्हा तीन फासे, बेरजेला दहाने गुणा, तेवढी नाणी खरेदीला. दोरी एका नाण्याला, सहा मशाली एका नाण्याला, तलवार दहाला.

खेळ सुरू झाल्यावर तुमच्यासमोर एकच कागद हवा, टर्नच्या चौकटींचा. एक टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं. पूर्ण चिलखतातला माणूस तेवढ्यात १२० फूट जातो. दर तासाला एक टर्न विश्रांती. प्रत्येक टर्नच्या शेवटी फासा टाका, ६ आला की कोणीतरी भटकत येतं. मशालीला मी सहा टर्न देते.

टेबलावर हे असं दिसतं. चौथ्या टर्नला ६ आला, तक्त्यातून पाच गॉब्लिन निघाले. लढाई सुरू करण्याआधी त्यांचा पवित्रा ठरवायला दोन फासे टाका: २ ते ५ वैर, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते १२ अनुकूल. आले ७.

‘पाच जण. भाले रोखलेत, पण पुढे येत नाहीयेत. काय करता?’

‘आम्ही पण थांबतो. त्यांना भाकरी दाखवतो.’

‘एक जण वास घेतो आणि उच्छ्वासाकडे बोट करतो. त्याला वर जायचंय.’

हा फासा वगळलात तर खेळाचा कणाच मोडतो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र असतो. प्रत्येक भेटीत लढाई झाली तर दुसऱ्या खोलीतच सगळे संपतील.

रोल लपवू नका आणि कोणाला वाचवू नका. पात्र मेलं तर त्या खेळाडूला लगेच तीन फासे द्या, किंवा बरोबरच्या भाडोत्री माणसाची चिठ्ठी त्याच्या हाती द्या.

सत्र संपायच्या अर्धा तास आधी ‘आता परतायचं का?’ असं विचारा, म्हणजे सगळे भुयाराबाहेर येऊन थांबतील. मग सोनं मोजा, गुण वाटा आणि जखमा नोंदवा. विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काही भरत नाही, त्यानंतर एक दिवसाआड एक हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा एक आकडा. चार पॉइंट भरायला आठवड्याहून जास्त दिवस जातात, म्हणून खेळातली तारीख नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. तेवढ्या दिवसांत रिकाम्या झालेल्या खोल्यांत नवीन कोण राहायला आलं, ते पुढच्या सत्राआधी फासे टाकून ठरवा.