टोपी बसवण्याआधी

लंडनमध्ये एम.एस्सी. करताना माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम म्हणजे ऑटिस्टिक प्रौढांच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी, टोपी बसवणं. पहिल्याच आठवड्यात साठीचे एक गृहस्थ आले. ऑटिझमचं निदान पंचावन्नाव्या वर्षी झालेलं. इलेक्ट्रोडखाली गार जेल भरताना त्यांचे खांदे आवळले गेले आणि मी आपली "दोनच मिनिटं" म्हणत राहिले. ते बसून राहिले, पण नोंदीत मेंदूपेक्षा ताणलेल्या स्नायूंचेच संकेत जास्त. ती टाकून द्यावी लागली. पुढच्या वेळी खोलीचे फोटो आधी पाठवले, ट्यूबलाइट बंद ठेवली, जेल त्यांच्या मनगटावर लावून दाखवलं. नोंद स्वच्छ आली.

या क्षेत्रात येणाऱ्यांना मी हे आधी सांगते, कारण एमआरआयचंही तेच आहे. स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरच्या काही अंशाने हललं तरी मेंदूच्या दूरदूरच्या भागांतली जोडणी (त्यांचं काम किती एकत्र चढतं-उतरतं ते) कमकुवत भासते आणि जवळची बळकट, हे 2012 च्या सुमारास स्पष्ट झालं. ऑटिझमबद्दलचे आधीचे काही निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासावे लागले.

मला ओढ लागली ती वयाच्या प्रश्नाची: ऑटिस्टिक मेंदू वयाबरोबर कसा बदलतो? बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन केलं; त्यातला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. मुलं म्हातारी झाली, संशोधन मात्र बरंचसं बालपणातच अडकलं. विशीतले आणि साठीतले मेंदू शेजारी ठेवून वयाचा परिणाम सांगणंही जोखमीचं. पूर्वी निदान ठळक लक्षणांच्या मुलांनाच मिळे, त्यामुळे लहानपणी निदान झालेले आजचे साठीतले लोक आणि आजचे तरुण हे मुळात वेगळे गट आहेत. त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं परत जाणं, याला पर्याय नाही.

पुण्यात बसून सुरुवात करायची तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका आणि अबाइड हा ऑटिस्टिक व इतर लोकांच्या मेंदूच्या स्कॅनचा खुला संच उघडा. 2012 मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या भागात 17 केंद्रांतले 1112 जणांचे स्कॅन आहेत. आधी प्रत्येकाची हालचाल पाहा, मग जोडणी.

आणि प्रश्नावली आखताना ऑटिस्टिक माणसांना सोबत घ्या. "तुम्हाला मित्र आहेत का?" या आमच्या प्रश्नावर त्या गृहस्थांनी विचारलं, "वर्षात किती वेळा भेटलं की मित्र म्हणायचं?" आम्ही तो प्रश्न बदलला.