महामारीत बाकीचे आजार रजेवर जात नाहीत: या चुका टाळा

"नोंदवहीत क्षयरोगाचे रुग्ण कमी झालेत, मास्कने काम केलं." महामारीत असं कोणी म्हणालं तर आधी एकच विचारा: तपासले किती?

कोविड येण्याआधी, २०१९ मध्ये जगभरात सुमारे ७१ लाख नव्या क्षयरुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये ५८ लाखांची. आजार खरंच ओसरला असता तर मृत्यूही घटले असते. ते उलट वाढले, दशकभरात पहिल्यांदाच. रुग्ण होतेच, फक्त दवाखान्यात यायच्याऐवजी घरात खोकत होते.

ओळखायची खूण सोपी आहे. तपासण्या निम्म्यावर आल्या आणि त्यातलं बाधितांचं प्रमाण चढलं, तर आजार लपलाय. तपासण्या पुरेशा होऊनही प्रमाण तळाला गेलं, तर घट खरी. फ्लूचं तसंच झालं: नमुने तपासले जात होते, विषाणू सापडत नव्हता. त्याचा बी-यामागाटा हा प्रकार तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे आढळलेला नाही. पण फ्लूचा हिशेब क्षयरोगाला लावू नका. हा जंतू वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, आणि टाळेबंदीत रुग्ण व घरचे एकाच खोलीत कोंडले जातात.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली. जीनएक्सपर्ट म्हणजे नमुन्यातला जंतूचा जनुकीय अंश शोधणारं यंत्र. त्याचं नेहमीचं मॉडेल एका वेळी चार नमुने घेतं, आणि कोविड व क्षयरोग दोन्ही त्याच्यावर तपासता येतात. मग चारही खाचांत कोविडसाठी नाकातले नमुने आणि क्षयरोगासाठीची बेडक्याची (खोकून काढलेल्या कफाची) डबी ट्रेमध्ये पडून. एक खाच बेडक्यासाठी राखून ठेवा, क्षयरोगाच्या कार्ट्रिजचा (नमुना घालायच्या डबीचा) साठा वेगळा मोजा. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याला कोविड निगेटिव्ह म्हणून घरी पाठवू नका. बेडका त्याच फेरीत घ्या. दुसऱ्यांदा तो येईलच असं नाही.

"ताप आलाय? घरीच थांबा" हा सल्ला मलेरियाच्या भागात जिवावर बेततो. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार २४ तासांतही गंभीर होऊ शकतो. २०२० मध्ये मलेरियाने आदल्या वर्षापेक्षा सुमारे ६९ हजार जास्त बळी घेतले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्यातले दोन तृतीयांश सेवा खंडित झाल्यामुळे. मच्छरदाण्यांचं वाटप गर्दी नको म्हणून रद्द करायचं कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाने त्याच वर्षी त्या घरोघर पोहोचवल्या.

गोळ्यांचं फार सांगायला नको: एचआयव्हीचा रुग्ण स्थिर असेल तर तीन-सहा महिन्यांची औषधं एकदम द्या, म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या वाचतात.

लसीकरणातली चूक मात्र उशिरा कळते. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने थांबवायला सांगितल्या होत्या त्या सामूहिक मोहिमा. नियमित लसीकरण शक्य तिथे चालूच ठेवायचं होतं. या दोहोंत गल्लत करू नका. मोहीम थांबवावीच लागली तर पुन्हा केव्हा सुरू करायची, ते त्याच दिवशी ठरवा. २०२१ मध्ये जगातल्या जवळपास चार कोटी मुलांचा गोवरलसीचा एखादा डोस हुकला. अशी मुलं साठत जातात, आणि गोवर ती बरोबर शोधून काढतो. भरपाईच्या फेरीत जुनीच वयोमर्यादा लावली, तर नेमकी हुकलेली मुलं "आता मोठी झाली" म्हणून परत जातात. मर्यादा वाढवा, आणि यादी लसीकरण बंद असताना जन्मलेल्यांपासून काढायला घ्या.