कोकोलिथोफोरवर पीएचडी करायचीय? मग आधी हे वाचा

"समुद्रातले कवचवाले प्लवक कार्बन चुनखडीत डांबून ठेवतात, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करतात." पीएचडीसाठी येणाऱ्या बहुतेक मुलांच्या अर्जात हे वाक्य असतं, आणि मुलाखतीत पॅनेल नेमकं तिथंच धरतं. वाक्य ऐकायला छान आहे, पण त्यातली अर्धी गोष्ट उलटी आहे.

कोकोलिथोफोर हे एकपेशीय शैवाल. अंगभर कॅल्साइटच्या (चुनखडीतलं खनिज, कॅल्शियम कार्बोनेट) चकत्या, म्हणजे कोकोलिथ. सगळ्यात जास्त अभ्यास झालेली जात एमिलियानिया हक्सलेई, पेशी जेमतेम 5 मायक्रोमीटरची. (अलीकडच्या पेपरांत ती गेफिरोकॅप्सा हक्सलेई या नावानेही भेटेल. जात तीच.) चकती घडवताना कॅल्शियमच्या एका आयनामागे बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडतात. एकातला कार्बन कॅल्साइटमध्ये जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. समुद्राचं पाणी स्वतः बफर, म्हणजे आम्लतेतला बदल झेलणारं, असल्याने तो सगळा मोकळा राहत नाही. ढोबळमानाने कॅल्साइटच्या एका मोलमागे 0.6 मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे कवच बनलं की वरच्या पाण्याची हवेतून कार्बन ओढायची ताकद घटते.

मग हे जीव खलनायक का? तसंही नाही. तीच पेशी प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड वापरते. शिवाय कॅल्साइटची घनता 2.7 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणून मेलेल्या पेशी आणि झूप्लँक्टनच्या (पाण्यात तरंगणारे छोटे प्राणी) विष्ठेच्या गोळ्या त्याच्या वजनाने भराभर खाली जातात आणि सेंद्रिय कार्बनही खोल पाण्यात नेतात. खोलवर कवच विरघळलं की अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, पाण्याला परत मिळते, पण ते पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात. थोडक्यात, उत्तर तुम्ही कोणत्या खोलीचा आणि किती काळाचा हिशेब मांडता यावर ठरतं. मुलाखतीत एवढं नीट सांगता आलं तरी पॅनेल सावरून बसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: जीवशास्त्रातून येत असाल तर सूक्ष्मदर्शकाला हात लावायच्या आधी पीएच, अल्कलिनिटी, एकूण विरघळलेला अजैविक कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब हे चौघे एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते शिका. यांतले दोन मोजले (तापमान आणि क्षारता हाताशी असताना) की उरलेले गणिताने काढता येतात. रसायनशास्त्राच्या मुलांना हे सोपं जातं. त्यांची पंचाईत पुढे जाती ओळखताना होते.

प्रयोगशाळेतलं काम बारकाव्यांचं आहे. डायटॉमसाठी (सिलिकाचं कवच असलेलं शैवाल) सर्रास वापरतात ते लुगॉल, म्हणजे नमुने टिकवायचं आयोडीनचं द्रावण, आम्लधर्मी असलं तर चकत्या खाऊन टाकतं. बफर न केलेल्या फॉर्मॅलिनचंही तेच. म्हणून क्रूझवर, म्हणजे संशोधन जहाजाच्या सफरीवर, निस्किन बाटलीतलं (ही हव्या त्या खोलीवरचं पाणी भरून आणते) पाणी आलं की लगेच पॉलिकार्बोनेट फिल्टरवर गाळायचं आणि मीठ धुवायला किंचित अल्कधर्मी केलेलं शुद्ध पाणी वापरायचं. फिल्टर वाळला की ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवून बघा. पार्श्वभूमी काळी होते आणि प्रत्येक कोकोलिथ उजळून त्यावर काळी फुली दिसते. मिठाचे स्फटिक राहिले असतील तर ते चमकत नाहीत, कारण सैंधव घन स्फटिकरचनेचं असतं. मोजणीतली ही सोय मला आजही आवडते. जात पक्की करायला मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. कार्बन मोजताना एका नमुन्याचे दोन भाग करतात. एक भाग आम्लाच्या वाफेत ठेवून कॅल्साइट घालवायचं, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्हींतल्या कार्बनचा फरक म्हणजे कॅल्साइटमधला कार्बन.

विषय निवडताना जागेचा विचार करा. उपग्रहचित्रांतले दुधी-निळसर पट्टे उत्तर अटलांटिक, बॅरेन्ट्स समुद्र, दक्षिण महासागर इकडचे. त्यांच्या मोहात पडून, तसेच पट्टे इथंही दिसतील या भरवशावर अरबी समुद्राचा प्रस्ताव लिहू नका. आपल्याकडची खरी दौलत म्हणजे 1986 पासून भारत-जर्मन सहकार्यातून खोल पाण्यात बसवलेल्या सेडिमेंट ट्रॅपच्या (वरून पडणारे कण गोळा करणारी उपकरणं) नोंदी. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत खाली पडणाऱ्या कणांचा ओघ वाढतो, आणि त्यात कॅल्साइट किती नि डायटॉमची सिलिका किती हे प्रमाण बदलत जातं. त्या बदलात अजून भरपूर काम शिल्लक आहे.

प्रवेशाची वाट माहितीतलीच. गोवा विद्यापीठासारख्या ठिकाणची एमएस्सी, मग सीएसआयआर नेट, आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा वास्कोचं ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र. गाईड ठरवायच्या आधी दोन गोष्टी तोंडावर विचारा: अल्कलिनिटीचं टायट्रेशन प्रयोगशाळेतच होतं की नमुने बाहेर जातात, आणि विद्यार्थ्याला क्रूझवर जागा कितव्या वर्षी मिळते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथल्या सीनियर मुलांना चहाला घेऊन जा.