दवाखान्यात पेशंटने स्वतःच नाव नोंदवायची सोय कशी करायची, आमच्या अनुभवावरून

दादाचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर पत्र्याची शेड, आणि सोमवारी बाजार असल्यामुळे त्या दिवशी ८०-९० पेशंट. रिसेप्शनला एकच मुलगी, ती नाव विचारणार, टाईप करणार, फोन उचलणार, मधेच इंजेक्शनची सुई कुठे ठेवली ते पण सांगणार. कॉम्प्युटर आणि हिशोब माझ्याकडे असल्यामुळे पेशंटने आपल्या मोबाईलवरून स्वतः नोंदणी करायची सोय मीच लावली, आणि पहिल्या खेपेला चांगलीच आपटले. म्हणून जे करायचं ते आणि जे करायचं नाही ते पण लिहितेय.

सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं करा. पेशंटने फॉर्म भरला म्हणजे त्याचा केसपेपर निघाला असं होऊ द्यायचं नाही. फॉर्म भरला की तो एका वेटिंग लिस्टमध्ये पडला पाहिजे, काही सॉफ्टवेअरमध्ये त्याला पेंडिंग म्हणतात, आणि रिसेप्शनवरच्या माणसाने पेशंटकडे बघून, नाव विचारून, ओके केल्यावरच तो रेकॉर्डला गेला पाहिजे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मधली पायरी नसेल आणि फॉर्म थेट रेकॉर्डमध्ये घुसत असेल तर सोय चालूच करू नका. आम्ही केली होती. दीड महिन्यात एकाच बाईंचे तीन केसपेपर झाले, एकावर बीपी, एकावर शुगर, एकावर नुसतंच नाव.

आता फॉर्म. सॉफ्टवेअरसोबत जो तयार फॉर्म येतो त्यात इन्शुरन्स, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, ईमेल असं काय काय असतं, ते सगळं बंद करा. बाकावर ताप अंगात घेऊन बसलेला माणूस पाचसहा रकान्यांच्या पुढे जात नाही, मोबाईल शेजारच्याकडे देतो आणि "तूच भर रे" म्हणतो. आम्ही ठेवलंय ते एवढंच: नाव, स्त्री/पुरुष/इतर, वय, मोबाईल, गाव, आणि "कोणत्या गोळीचा किंवा इंजेक्शनचा कधी त्रास झालाय का". शेवटचा प्रश्न ऐच्छिक आहे, पण दादाला तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. काय होतंय ते फॉर्मवर विचारत नाही, कारण शेजारी बसलेला वाकून वाचतो आणि कुणी खरं लिहीत नाही.

नावाचे तीन रकाने ठेवा आणि त्यांच्यावर मराठीत लिहा: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. फर्स्ट नेम लास्ट नेम लिहिलंत तर आपल्याकडे निम्मे लोक आडनाव आधी टाकतात कारण शाळेपासून तीच सवय. शिवाय बायकांचं माहेरचं नाव आधारवर, सासरचं नाव रेशनकार्डावर, आणि दवाखान्यात तिसरंच, म्हणून "आधी दुसऱ्या नावाने आला होता का" असा एक हो/नाहीचा टिक ठेवला तर रिसेप्शनला शोधायला बरं पडतं.

वयाचं प्रकरण मजेशीर आहे. पहिल्या फॉर्मला जन्मतारखेचं कॅलेंडर होतं, ते उघडलं की आजचा महिना दिसायचा. एक आजोबा, सत्तरीच्या आसपासचे, मागचा बाण दाबत बसले. महिना, महिना, महिना. मी आतून बघतेय तर ते २०११ पर्यंत पोचले होते, अंगठा दुखायला लागला होता आणि बाण चुकून पुढच्या बाजूला दाबला की वैतागून परत. वरच्या सालावर टॅप केलं की सालांची यादी येते हे त्यांना कोण सांगणार, मला तरी कुठे माहीत होतं. त्याच दिवशी कॅलेंडर काढलं आणि "वय किती" असा साधा आकड्याचा रकाना टाकला, तारीख माहीत असेल तर वेगळी. वय टाकलं की सॉफ्टवेअरने जन्मसाल काढावं आणि "अंदाजे" अशी खूण ठेवावी, नाहीतर ते १ जानेवारी धरून बसतं आणि पुढे ती खरी तारीख समजली जाते. तसाही आपल्याकडे १ जून हा अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेला, त्यामुळे जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच असं अजिबात समजू नका.

मोबाईल नंबरची गोष्ट याहून महत्त्वाची. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये "एक नंबर एक पेशंट" असं सेटिंग असतं, युनिक मोबाईल किंवा असंच काही नाव असेल, ते बंद करा म्हणजे कराच. आपल्याकडे एका नंबरवर पाच जण असतात, बऱ्याचदा मुलाचा नंबर आणि तो मुलगा पुण्याला. आमच्याकडे सून आली, घरचाच नंबर टाकला, तर सॉफ्टवेअरने सासूचं रेकॉर्ड उघडून तिच्याच नावाने रांगेत नंबर लावला. दादाने स्क्रीनवर ६४ वय बघितलं आणि समोर तिशीतली बाई बघितली म्हणून पकडलं, नाहीतर बीपीची गोळी सुनेच्या चिठ्ठीवर गेली असती. म्हणून नंबर, नाव आणि वय तिन्ही बघून "हे आधीचे पेशंट असतील का" अशी यादी फक्त रिसेप्शनला दिसली पाहिजे, जोडायचं का नाही ते माणसाने ठरवायचं. आणि नंबर टाकला की जुनी माहिती आपोआप फॉर्मवर भरून येते ती सोय पण नको. ऐकायला छान वाटते, पण म्हणजे नवऱ्याने घरचा नंबर टाकला की बायकोच्या नोंदी त्याच्यासमोर.

मग प्रत्यक्ष सेटिंग. पेशंट पोर्टल, सेल्फ रजिस्ट्रेशन, क्यूआर चेक-इन, ऑनलाईन ओपीडी, कंपनीगणिक नाव वेगळं, पण ॲडमिनच्या लॉगिनमध्ये कुठेतरी असतंच, नसेल तर सपोर्टला फोन करून "पेशंटने भरलेला फॉर्म अप्रूव्ह करायची स्क्रीन कुठे आहे" असंच विचारा म्हणजे त्यांना कळतं. ओपनईएमआर हे दवाखान्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून कुणी ते बसवलं असेल तर त्यात ॲडमिनच्या सेटिंगमध्ये पोर्टलचा भाग आहे, तिथेच नवीन पेशंट रजिस्ट्रेशनचा टिक आहे, पण त्याची रीत ईमेलवर चालते, त्यामुळे ईमेल वापरणारे पेशंट असतील तिथेच ते सोयीचं. सॉफ्टवेअर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालत असेल तर सगळं सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघडं टाकू नका, फक्त फॉर्मचं पान बाहेर, तेही एचटीटीपीएसवर, म्हणजे भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही अशा जोडणीवर. रिसेप्शनच्या मुलीला स्वतःचं लॉगिन द्या, दादाचं लॉगिन सगळे वापरतात ते बंद करा.

टेस्ट करताना "टेस्ट टेस्ट" असं नाव टाकू नका, "ज्ञानेश्वर" टाका. मराठीत टाकून चिठ्ठी प्रिंट काढा, चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली तर डेटाबेसचं किंवा फॉन्टचं सेटिंग चुकलंय, सपोर्टवाल्याला युनिकोड एवढा शब्द सांगा. आणि इंग्रजीत ज्ञानेश्वर चार जणांकडून लिहून घ्या, कुणी डीएनवाय लिहील, कुणी जीवाय, एकाने तर थेट माउली लिहिलं होतं. म्हणजे मुख्य नाव कुठल्या लिपीत ठेवायचं ते एकदा ठरवावंच लागतं. आम्ही शोधायला इंग्रजी ठेवलंय आणि चिठ्ठीवर मराठी.

आता आभाचं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं, त्यातला १४ अंकी आभा नंबर बऱ्याच लोकांकडे असतो, फक्त त्यांना माहीत नसतं. त्यातली स्कॅन अँड शेअर ही सोय २०२२ मध्ये आधी दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत लागली. पेशंट आभाच्या किंवा चालणाऱ्या दुसऱ्या ॲपमधून दवाखान्याचा क्यूआर स्कॅन करतो, माहिती पाठवायला होकार देतो, नाव-लिंग-जन्म-पत्ता-मोबाईल तुमच्या सॉफ्टवेअरला येतं आणि त्याला टोकन नंबर मिळतो. टाईप करणं शून्य. लहान दवाखान्याला हे लावायचं तर आधी डॉक्टरने या मिशनच्या हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत, म्हणजे डॉक्टर वगैरेंच्या यादीत, नाव घालायचं (मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर आणि सर्टिफिकेट हाताशी ठेवा), मग दवाखाना हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत, म्हणजे दवाखान्यांच्या यादीत, घालायचा, आणि मिळालेला फॅसिलिटी आयडी सॉफ्टवेअर कंपनीला देऊन जोडून घ्यायचं. सॉफ्टवेअर एबीडीएमशी, म्हणजे याच मिशनशी, जोडलेलं असेल तरच हे होतं, घेण्याआधीच विचारा. रजिस्ट्रीतलं नाव, बोर्डवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव एकच ठेवा, आमचं "क्लिनिक" की "दवाखाना" यावरून फिरत होतं.

पण आभातून आलेली माहिती म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हां. ती बहुतेकदा आधारवरून येते, आधारवर पुष्कळांचं नुसतं जन्मसाल आहे, त्यामुळे दिवस आणि महिना रिकामा येऊ शकतो, आणि पत्ता लग्नाआधीचा असू शकतो. म्हणून हीसुद्धा नोंद त्याच वेटिंग लिस्टमध्ये पाडा. आणि आभा ऐच्छिक आहे, नसेल तर साधा फॉर्म, तोही नसेल तर तोंडी. आमच्याकडे तिन्ही चालतात.

क्यूआर कुठे लावायचा यावर एवढं काय बोलायचं असं वाटेल, पण आम्ही तो पहिल्यांदा काउंटरवर पैशाच्या क्यूआरशेजारी लावला होता. लोक पैसे पाठवायच्या ॲपने नोंदणीचा क्यूआर स्कॅन करायचे आणि "ताई, पैसे जात नाहीयेत" म्हणायचे. आता नोंदणीचा बाहेर शेडमध्ये, बाकावर बसल्यावर डोळ्यासमोर, ए-फोर साईज, लॅमिनेट केलेला, वर मोठ्याने लिहिलंय: "नाव नोंदणी. पैसे लागत नाहीत." त्याखाली लाल अक्षरात: "छातीत दुखतंय, दम लागलाय, साप चावलाय, फिट आलीय तर फॉर्म भरू नका, थेट आत या." फॉर्मच्या पहिल्या ओळीतही तेच. अधूनमधून स्वतः स्कॅन करून बघा, त्यावर दुसराच स्टिकर चिकटवलेला नाही ना.

फॉर्मवर संमतीची दोन वाक्यं मराठीत हवीतच, माहिती कशाला घेतोय, कोण बघणार, काढून टाकायची तर कुणाला सांगायचं. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, आणि कायद्यात सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितलंय, मराठी त्यात आहेच. १८ च्या खालच्या मुलाचा फॉर्म आई-वडिलांनी भरायचा, तसा रकाना ठेवा, भरणाऱ्याचं नाव आणि नातं. आणि मार्केटिंगच्या मेसेजचा टिक आधीच लावलेला असतो तो काढा.

ओटीपी लावायचा का? आम्ही नाही लावला. आपल्याकडे सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या यंत्रणेवर, दवाखान्याची नोंदणी, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव), मेसेजचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यावा लागतो, एवढ्याशा दवाखान्याला ते झेपत नाही. रिसेप्शनची मुलगी समोरच एक मिस्ड कॉल देते, नंबर चुकलेला असेल तर तिथेच कळतं. शेडमध्ये रेंज नसेल तर पेशंटसाठी वेगळा गेस्ट वायफाय ठेवा, दवाखान्याच्या कॉम्प्युटरच्या वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावू नका. लाईट गेली तर जुनी वही, ती माळ्यावर टाकू नका.

चालू करताना बाजाराच्या दिवशी करू नका. आम्ही गुरुवारी, फक्त जुन्या पेशंटपासून सुरुवात केली, दोन आठवडे मुलगी शेडमध्ये उभी राहून दाखवत होती. आता रोज रात्री दुकान बंद करायच्या आधी ती पेंडिंगची लिस्ट उघडते, फॉर्म भरून न थांबता निघून गेलेल्यांना एक फोन करते, बरं वाटतंय का विचारते, आणि मग त्यांची नोंद काढून टाकते. काल त्या लिस्टमध्ये तीन नावं होती, त्यातलं एक दादाचंच, क्यूआर चालतोय का बघायला त्याने वय १२ टाकून भरला होता.